बाविसाव्या दिवसाचं कार्ड

मागच्या महिन्यात आमच्या कॉलनीतल्या बारावीच्या मुलांसमोर मला बोलायला उभं केलं. पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवलेली बाई, तोंडाने फटकळ, शिवाय फुकटात मिळणारी. असला वक्ता कुणाला नको असतो? मी उभी राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, घरची आठवण म्हणजे पडसं. पडसं सात दिवसांत जातं. घरची आठवण तीन पडशांएवढी असते. एकवीस दिवस नाक गळेल, डोळे गळतील, गळू द्या. पळून घरी यावंसं वाटेल. जरूर या. पण बाविसाव्या दिवशी या. गाडी त्या दिवशीही असते."

टाळ्या पडल्या. एका मुलीची आई नंतर माझा हात धरून म्हणाली, "किती छान सांगितलंत मॅडम! हे तुमचंच का?"

मी म्हणाले, "अनुभव आहे हो."

बघा, सत्तरी उलटली तरी खोड जात नाही. ते बोलणं माझं नव्हतं. ते निकम सरांचं होतं, आणि ते वापरायचा सगळ्यात कमी हक्क ज्या माणसाला आहे ती मी. घरी आले, चहा केला, आणि तो पुढ्यात ठेवून तसाच गार होऊ दिला. गार चहा पाहिला की मला सर आठवतातच. ते का, ते सांगते. आज सगळंच सांगते. लाज वाटते म्हणून पन्नास वर्षं गप्प राहिले, आता त्या गप्प राहण्याचीच जास्त लाज वाटायला लागली आहे.

आमचं गाव शेवगाव तालुक्यातलं. नाव नाही घालत, कारण त्यातली काही माणसं अजून आहेत. गावात अकरावीपर्यंत शाळा. तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती, आणि पास झालं की नगरला कॉलेजात प्री-डिग्रीला जायचं. जायचं म्हणजे ज्याला जायला मिळेल त्यानं. निकम सर आम्हाला चित्रकला शिकवायचे. पांढरा लेंगा, खाकी बुशशर्ट, आणि बुशशर्टाच्या खिशात कायम सुतळीची गुंडाळी. बोलताना उजव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. काय मोजतात ते कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही पोरं म्हणायचो, सर पगार मोजतात.

शनिवारी सकाळची शाळा अकराला सुटायची. अकरावीच्या वर्गानं मात्र थांबायचं. तो सरांचा स्वतःचा तास, वेळापत्रकात नसलेला. गावात त्याला वळकटीचा तास म्हणायचे, कारण सुरुवातच वळकटी बांधण्यापासून व्हायची. सतरंजी, त्यावर चादर, मधे कपडे, गुंडाळी घट्ट, आणि सरांची ती खास गाठ. बांधून झाली की वळकटी खांद्यावर टाकून मैदानाला एक फेरी मारायची. सुटली की पुन्हा बांधायची. आमच्या वर्गातल्या एकाची चार वेळा सुटली तेव्हा सर म्हणाले, "अरे, इथं चार वेळा सुटली तर मी आहे. स्टँडवर सुटली तर सगळं नगर बघेल, काय?" प्रत्येक वाक्याच्या शेवटी हे 'काय' असायचंच.

मग फळ्यावर चित्र. चित्रकलेचे सर ते! वसतिगृह, खोल्या, नळ, मेस, कॉलेजचं फाटक, तासाची मोठी खोली, सगळं खडूनं असं काढायचे की आपण त्यातून चालून आलोय असं वाटावं. संडास कसे असतात, साखळी कुठं ओढायची, तेसुद्धा. पोरं हसली की म्हणायचे, "आज हसा. तिथं कुणाला विचारणार?" मेसमध्ये वाढणाऱ्याला 'महाराज' म्हणायचं, तो खूश होतो. वर्गात उशीर झाला तर दारात उभं राहून विचारायचं आणि मगच आत यायचं. कुलपाची दुसरी किल्ली ट्रंकेत ठेवायची नाही. "ट्रंकेची किल्ली ट्रंकेत ठेवणारे मी पाहिलेत," म्हणायचे. आणि बोलण्यात अधूनमधून यायचं, "मी पुण्याला होतो तेव्हा..." त्यावरून आम्ही समजून चाललो की सर पुण्याच्या कॉलेजातून शिकून आलेत. त्यांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

तासाचा शेवट ठरलेला. पडशाचं सांगायचे, एकवीस दिवसांचं सांगायचे, आणि म्हणायचे, "बाविसाव्या दिवशी मला एक कार्ड टाकायचं. मजकूर दोन शब्द. 'बावीस झाले.' खाली नाव. ख्यालीखुशाली आईबापाला लिहा, मला नको." आलेली कार्डं ते चित्रकलेच्या कपाटात एका तारेत ओवून ठेवायचे. पाच-सात वर्षांची कार्डं होती. सगळी मुलग्यांची.

मुलगी कॉलेजला गेलेलीच नव्हती. पहिली मी. आणि तीही सरांमुळे.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, चांगले वीस एकरांचे धनी. पैशाची अडचण नव्हती, मनाची होती. निकाल लागला आणि सर आमच्या ओट्यावर येऊन बसले. आईनं चहा दिला. सरांनी बशी उपडी कपावर ठेवली आणि म्हणाले, "आधी हो म्हणा. मग पितो."

दादा म्हणाले, "मास्तर, पोरीची जात. शिकून काय कलेक्टर व्हनार हाय का?"

"कलेक्टर नको. शिकू द्या."

"न्हाई जमायचं."

सर उठले, चहा तसाच ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. पुन्हा चहा, पुन्हा बशी. तिसऱ्या दिवशी आईचा तोल सुटला. ती आतूनच ओरडली, "अवो, तीन दिस झालं मास्तरांचा च्या वाया चाललाय! दूध काय फुकट येतंय का? एकदाचं व्हय तरी म्हना!" दादांना हसू फुटलं. हसता हसता म्हणाले, "बरं, व्हय." सरांनी बशी काढली आणि तो गार, साय धरलेला चहा एका घोटात पिऊन टाकला. आईनं दुसरा करते म्हटलं तर म्हणाले, "नको, हाच गोड आहे."

माझी ट्रंक अमीनभाईंनी केली. अमीनभाई पत्र्याचं काम करायचे, डबे, चाळण्या, कंदिलाच्या टाक्या. पण त्यांची ट्रंक म्हणजे ट्रंक, कडी अशी बसायची की मुंगी आत जाणार नाही. कॉलेजला जाणाऱ्या प्रत्येक पोराला सर त्यांच्याकडे धाडायचे. अमीनभाई हिरवा रंग द्यायचे आणि त्यावर पांढऱ्या रंगानं नाव सर स्वतः घालायचे. माझं नाव घालताना सर खाली बसले होते आणि अमीनभाईंची मुलगी हमीदा रंगाची वाटी धरून उभी होती. ती माझ्यापेक्षा एक वर्ष मागे. गणितात मला दहा वेळा विकून खाईल अशी. वरच्या वर्गाची गणितं ती मला सोडवून द्यायची आणि मी ती माझी म्हणून दाखवायची. बघा, तेव्हापासूनच.

सर कुंचला न उचलता म्हणाले, "अमीनभाई, पुढल्या जूनला या रंगात 'हमीदा' लिहायचं, काय?"

अमीनभाईंनी पत्र्यावरची नजर काढली नाही. "बघू मास्तर. ही पोरगी जाऊन तर येऊ द्या. टिकली तर तुमच्या भरोशावर आमची बी धाडू."

तर एवढं सगळं माझ्या टिकण्यावर होतं. मला ते चांगलं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

नगरला मुलींच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी माझा पोपट झाला. जेवायच्या खोलीत ताट घेऊन गेले. वाढणाऱ्याची पाठ माझ्याकडे होती. सरांनी शिकवलेलं आठवलं आणि मी गोड आवाजात म्हणाले, "महाराज, वाढा." वळून पाहिलं तर बाई! चांगली धिप्पाड, हातात डाव, कपाळावर घाम. मार्थाबाई तिचं नाव. ती आधी गोंधळली, मग एवढी हसली की डाव पातेल्यात पडला. पन्नास मुली हसल्या. सरांनी पाहिलेली मेस मुलग्यांची, पुण्याची, वीस-बावीस वर्षांपूर्वीची. तिथं पुरुष वाढायचे. मुलींच्या वसतिगृहात कोण वाढतं हे त्यांना बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? पण त्या क्षणी मला दिसलं ते एवढंच, की सरांमुळे माझी फजिती झाली. त्या दिवसापासून वसतिगृहात माझं नाव महाराज पडलं. ये महाराज, जा महाराज. वर्गाच्या दारात उभी राहून विचारलं तेव्हा प्राध्यापक म्हणाले, "अहो, दार अडवू नका, या ना!" तिथंही हशा.

रोज रात्री उशी ओली. खेड्याची बोली, दोन वेण्या, हिरवी ट्रंक, सगळ्याची लाज वाटायची. सतराव्या दिवशी तास संपल्यावर मी वसतिगृहाकडे वळलेच नाही. पिशवी काखेत मारली आणि तडक एसटी स्टँड. शेवगावची गाडी लागलेली होती. चढले, खिडकीशी बसले. आणि बसल्या बसल्या माझा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा, आणि पुन्हा पहिल्यापासून पाच. सतरा. गाडी त्या दिवशीही असते. हे सरांच्याच आवाजात ऐकू आलं, 'काय'सकट.

कंडक्टर आला. मी उठले. तो म्हणाला, "ताई, बसायचंय का उतरायचंय? एक काय ते ठरवा."

उतरले. रडत रडत चालत परत गेले. जेवणाची वेळ टळून गेली होती. मार्थाबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, काही विचारलं नाही. झाकून ठेवलेली भाकरी काढली, वर तेल-चटणी घातली आणि म्हणाल्या, "या महाराज, बसा." त्या एका हाकेसाठी मी त्या नावाला माफ केलं. पुढची चार वर्षं त्यांनी मला कधी उपाशी झोपू दिलं नाही. ही सगळी कमाई सरांच्या त्या चुकीच्या शिकवणीची होती.

बाविसावा दिवस आला. कार्ड आणलं, सरांचा पत्ता घातला. पण 'बावीस झाले' लिहायचं म्हणजे मी दिवस मोजले हे कबूल करायचं. मी रडले हे कबूल करायचं. मी म्हटलं, एवढी काही मी लेचीपेची नाही. सरांचा पत्ता खोडला, घरचा घातला आणि शेवेचे लाडू धाडा म्हणून आईला लिहून टाकलं.

त्यानंतरच्या एका रविवारी भिंगारला मामांकडे जेवायला गेले. आईचे चुलतभाऊ, लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून. माझे नगरातले पालक म्हणून त्यांचंच नाव लावलेलं. जेवता जेवता मी निकम सरांचं नाव घेतलं तर मामा घासासकट थांबले.

"चित्रं काढतो तो? बाळ्या निकम? अगं, पुण्याला माझ्या खोलीत होता तो! किती दिवस म्हणशील? एकोणीस!"

"एकोणीस दिवस?"

"एकोणीस. सकाळी मी नळावरून आलो तर खाट रिकामी. मला वाटलं, कुणी गेलं-बिलं की काय घरी. कसलं काय! घरची आठवण आली म्हणून पळाला पठ्ठ्या. वळकटीसुद्धा टाकून गेला. तू बसलीस ना, ती सतरंजी त्याचीच."

मामा हसले, मामी हसल्या, मीही हसले. सतरंजीच्या काठाकडे पाहिलं. जुनी होती, पण वीण घट्ट होती. त्या वेळी माझ्या मनात काय आलं असेल? हा माणूस एकोणिसाव्या दिवशी हरला म्हणून दुसऱ्यांना एकवीस दिवस धरून ठेवतोय, हे आलं असेल? छे. माझ्या मनात आलं, सापडले सर! महाराजचं उट्टं काढायला हत्यार मिळालं.

सरांचा एक रिवाज होता. भाऊबीज झाली की येणाऱ्या पहिल्या शनिवारी, शाळेला सुट्टी असली तरी, ते अकरावीचा वर्ग उघडायचे. त्या वर्षी कॉलेजला गेलेल्यानं समोर उभं राहून सांगायचं, सरांचं काय उपयोगी पडलं आणि काय नाही. मागच्या बाकांवर अकरावीतल्या पोरांचे वडील बसायचे. सर हातात वही घेऊन कोपऱ्यात उभे. जे चुकलं ते ते लिहून घ्यायचे आणि पुढल्या वर्षी फळ्यावरचं चित्र बदलायचे. असा मास्तर मी पुढं माझ्या अख्ख्या नोकरीत पाहिला नाही, आणि आरशात तर नाहीच नाही.

आदल्या दिवशी सर घरी आले. या वेळी चहा गरम असतानाच प्याले. म्हणाले, "उद्या अमीनभाई येणार आहेत. ट्रंक करून ठेवलीय त्यांनी, काय? मी नावही घातलंय. फक्त तुझ्या तोंडून एकदा ऐकू दे. मुलीनं सांगितलेलं निराळं असतं."

मी म्हणाले, "सांगते ना सर."

शनिवारी वर्ग गच्च भरलेला. पहिल्या बाकावर हमीदा, माझ्याकडे पाहून हसणारी. मागे टोपी मांडीवर घेऊन अमीनभाई. मी उभी राहिले. चार महिन्यांत माझी एक वेणी झाली होती, बोली सुधारली होती, आणि डोक्यात हवा गेली होती. मला नकला चांगल्या यायच्या. सुरुवात केली ती सरांच्या नकलेनंच. खिशातून सुतळी काढल्यासारखं केलं, अंगठा पेरांवर फिरवला, म्हणाले, "महाराज म्हणायचं, काय?" वर्ग खदखदला. मार्थाबाईंची गोष्ट सांगितली, पडलेल्या डावासकट. भाकरीची नाही सांगितली. दारात विचारण्याची गोष्ट सांगितली. पोरं बाक बडवायला लागली. मागे वडीलमंडळीही हसत होती. सरही हसत होते, आणि वहीत लिहीत होते.

तिथं थांबायला हवं होतं. पण हशा चढला की माझी जीभ माझं ऐकत नाही. मी सरांचाच आवाज काढला, "मी पुण्याला होतो तेव्हा..." आणि वर्ग गप्प होईपर्यंत थांबून म्हणाले, "एकोणीस दिवस!"

पोरांना आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. मामा, खोली, रिकामी खाट, टाकलेली वळकटी. वळकटीला तर असा हशा झाला की छपराचे पत्रे वाजले.

अमीनभाई हसले नाहीत. ते उभे राहिले. टोपी डोक्यावर घातली. "मास्तर, ही पोरगी बोलतीय ते खरं हाय का?"

सर म्हणाले, "खरं आहे."

"तुमी सोता ऱ्हायला न्हाई तिथं?"

"नाही राहिलो."

"मंग इतकी वर्सं आमाला का न्हाई सांगितलं?"

सरांचा अंगठा पेरांवर थांबला. ते म्हणाले, "लाज वाटत होती."

अमीनभाई बाकामागून बाहेर आले. "मास्तर, पोरगी धाडायची म्हंजी तुमच्या शब्दावर धाडायची हुती. आता शबुद कुनाचा धरू?" आणि निघून गेले. हमीदा माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून बघत होती. आणि मला बोलता आलं असतं! स्टँडवरची गाडी, सतरावा दिवस, कंडक्टर, सगळं सांगता आलं असतं. 'अमीनभाई, थांबा, मी यांच्या शब्दावर टिकले,' एवढंच सांगायचं होतं. दारापर्यंत पोचायला त्यांना वीस पावलं लागली असतील. मी ती वीस पावलं ऐकली आणि गप्प राहिले. कारण सांगितलं असतं तर नगरला मी रडले होते हे पन्नास जणांना कळलं असतं. मी जागेवर जाऊन बसले.

सर पुढं आले, फळा पुसला आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मीच सांगायला हवं होतं, काय?" त्या शेवटच्या शब्दाला कुणी हसलं नाही.

हेडमास्तरांनी वळकटीचा तास बंद करायला लावला. हमीदा मार्चमध्ये परीक्षेला बसली, गणितात तालुक्यात नाव काढलं, आणि मे महिन्यात पैठणकडे तिचं लग्न झालं. मी आईला म्हणाले, अमीनभाईंनी तसंही पाठवलं नसतं. आई धान्य पाखडत बसली होती. सूप न थांबवता म्हणाली, "तुला बरं वाटत आसंल तर म्हन तसं." खूप वर्षं म्हणून पाहिलं. बरं काही वाटलं नाही.

त्या जूनमध्ये मी पुढच्या वर्षासाठी नगरला निघाले. पावसाचा पत्ता नव्हता, स्टँडवर नुसता फुफाटा. सर दर जूनला पोरांना पोचवायला यायचे, एसटीच्या मागच्या शिडीनं स्वतः टपावर चढून सगळ्यांच्या ट्रंका आपल्या हातानं बांधायचे. मला वाटलं होतं, या वर्षी येणार नाहीत. आले होते. सुतळीही होती. त्या वर्षी नवा एकटाच जाणारा होता, शिरसाठांचा दिनकर. त्याची ट्रंक सरांनी वर घेतली. कोऱ्या हिरव्या रंगावर 'दिनकर' लिहिलेलं, अक्षर सरांचं. पण उन्हात त्या रंगाच्या थराखालून आधीच्या नावाची अक्षरं फुगून वर आलेली दिसत होती. ती वाचायला मला थांबावं लागलं नाही. सरांनी माझी ट्रंक तिच्या शेजारी ठेवली आणि दोन्ही एकाच सुतळीनं बांधल्या.

सर खाली उतरले, हात झटकले. मी जाऊन उभी राहिले. माफी मागायची ठरवून आले होते, वाक्यसुद्धा तयार होतं. पण तेच आधी बोलले.

"मागच्या साली तुझं कार्ड आलं नाही."

मी चपलेनं फुफाटा उकरायला लागले.

"बाविसावा गेला, तिसावा गेला. रोज पोस्टात जाऊन विचारायचो. पहिलीच मुलगी धाडलेली. दादांना विचारायचा धीर होईना, म्हटलं ते घाबरायचे. मला वाटलं, तीही माझ्यासारखीच... घरी यायची लाज वाटते म्हणून कुठं नातेवाइकांकडं जाऊन राहिली असेल. दिवाळीपर्यंत झोप नव्हती बघ. मग तुला घरी पाहिली, दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिलीस, माझी नक्कल करायला लागलीस, तेव्हा खात्री पटली. म्हटलं, इतकी हसवतीय म्हणजे पोरगी टिकली. फार बरं वाटलं मला, काय?"

माझं तयार वाक्य कुठल्या कुठं गेलं. मी म्हणाले, "विसरले सर कार्ड टाकायचं."

विसरले नव्हते, हे तुम्हाला माहीत आहे.

"असू दे," सर म्हणाले. "यंदा टाक. दुसऱ्या वर्षाचंही चालतं."

कंडक्टरनं घंटी मारली. मी चढले. मागच्या काचेतून पाहिलं तर सर फुफाट्यात उभे होते. हात वर केलेला नव्हता. तो खालीच होता आणि अंगठा पेरांवरून फिरत होता. दिनकरचे दिवस सुरू झाले होते. त्यानंतर मी सरांना पाहिलं नाही. त्याच वर्षी ते बदली मागून दुसऱ्या गावी गेले, आणि पुढं कधीतरी वारल्याचं कानावर आलं.

त्या वर्षीही बाविसाव्या दिवशी मी कार्ड आणलं होतं. पत्ता घातला होता. 'बावीस झाले' एवढंच लिहायचं होतं.

टाकलं नाही. लाज वाटत होती.